टँकर आला तेव्हा
तापलेल्या रबराचा वास आला की मला तो दुष्काळ आठवतो. हृदयाच्या ऑपरेशननंतर सहकारी कारखान्याच्या दवाखान्यात मला छातीला तारा लावून रोज चालायच्या मशीनच्या रबरी पट्ट्यावर चढवायचे. सिस्टर शेजारी उभी राहून ठोके बघायची. समोरच्या खिडकीतून पाण्याच्या टँकरसाठी लागलेली रांग दिसायची आणि रांगेत माझी बायको. एक दिवस टँकर येताच झुंबड उडाली आणि ती घागरीसकट आपटली. "मशीन बंद करा!" मी ओरडलो. "एकदम थांबलात तर चक्कर येईल काका, हळूहळूच कमी करावं लागतं," सिस्टर म्हणाली. बायको धुळीत पडलेली, आणि मी तिच्याकडं तोंड करून जागच्या जागी चालतोय. शेवटी ती उठली, लंगडत खिडकीशी आली नि म्हणाली, "मला काई झालं न्हाई, तुमी चाला." आज तिच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर त्याच मशीनवर ती आहे. 'तू चाल' एवढंच म्हणायचंय मला, म्हणून त्याच खिडकीशी येऊन उभा राहिलोय.