रंगाखालचं तेल

आमच्या जालन्यात समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातली निळी कड. तरी सत्तरच्या दशकात मस्तगडाजवळच्या एका वर्कशॉपात आम्ही कोकणातल्या धक्क्यासाठी लोखंडी तराफा बनवला: चार पोकळ टाक्या, वर फळ्या. पत्रे माझा दोस्त जोडायचा, रंग मी मारायचो. पुढे धक्क्यावर तराफा सांभाळायला त्यालाच ठेवणार होते. हा गडी विहिरीत उतरायलाही भ्यायचा.

काळा डांबरी रंग मारायला शिकवायला आलेल्या साहेबांनी एकच गोष्ट घोकून घेतली. वाळूच्या माऱ्यानं पत्रा पांढरा झाला, की त्याला बोटही लावायचं नाही. तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. खारं पाणी आत शिरतं आणि वरून सगळं छान दिसत असताना पत्रा खात बसतं. आमच्याकडचा गंज निदान तोंडावर तरी दिसतो.

पत्रा साफ झाला आणि दुसऱ्याच दिवशी दसरा आला. दोस्ताची बायको पूजेचं ताट घेऊन आली. वहिनींनी हत्यारं पुजली, आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचा पंजा एकेका टाकीवर उमटवला. "समुद्रामाय, माझ्या माणसाला सांभाळ," म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी थिनरचा डबा उघडला. मालकांचा भाऊ दारातच बसला होता. "काय पुसून राह्यला रे?" आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. दसऱ्याचा पंजा मी पुसला, तर रंगाचं कारण कोण ऐकणार होतं? "काई न्हाई, चिंधी शोधून राह्यलो," म्हटलं आणि झाकण लावलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! दुसऱ्या दिवशी त्या पंज्यांवरच दोन हात रंग चढवला. साहेबांनी टाक्या पाहिल्या, "झकास" म्हणाले. दोस्तालाही मी सांगितलं नाही.

पहिला पावसाळा सरला आणि धक्क्यावरून त्याचं पत्र आलं. "रंगाला पुऱ्यांसारखे फुगे आल्ते. नख लावलं की साल निघती. कशानं रे?" मी लिहिलं, तराफ्यावर जाऊ नको, तिथल्या साहेबांना दाखव. कारण लिहिलं नाही. उत्तर आलं: "दाखवलं. वरवरचं हाय म्हणले."

त्यानंतर आभाळ भरून आलं की मला जेवण जायचं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात तार आली. ती वाचायला वहिनींनी मलाच बोलावलं. टाकीला भोक पडून तराफा उलटला होता. दोस्त गेला होता.

तारेची घडी घालत त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या पूजेत काई कमी राह्यलं व्हतं का?"

"न्हाई वहिनी. बिलकुल न्हाई."

खरं सांगितलं असतं तर त्यांनी जन्मभर स्वतःलाच दोष दिला असता, म्हणून गप्प बसलो, असं मी आजवर मनाला सांगत आलो. पण तसं नव्हतं. मला त्या दिवशीही भीतीच वाटली.