कळवळ्याचा मूळ अर्थ

खराडीच्या कंपनीत नोकरी लागली त्या वर्षी मी फार शहाणा झालो होतो. गळ्यातलं ओळखपत्र रविवारीसुद्धा काढवत नसे. त्याच सुमारास बुधवार पेठेतून मी एक सीडी आणली. बायबलच्या कुठल्याही ओळीवर टिचकी मारली की मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्द आणि त्याचे सगळे अर्थ पडद्यावर येत. सीडी चोरून काढलेली कॉपी होती. पवित्र शास्त्राचा अभ्यास चोरीच्या मालावर चालला होता, पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

खोटं कशाला बोलू, वाचनाची गोडी मात्र खरोखर वाढली. हिब्रूत करुणेचा शब्द आईच्या गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे हे कळलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत उगाच दोन फेऱ्या मारल्या. लहानपणापासून पाठ असलेली वचनं प्रथमच ऐकतोय असं वाटलं. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी आमच्या घरी प्रार्थनेला दहाबारा माणसं जमत. पप्पा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते एक भाग वाचत, त्यावर दोन शब्द बोलत आणि मग एकेकाला विचारत, "तुमचा विषय काय?" म्हणजे प्रार्थना कशासाठी करायची. कुणी मुलाची परीक्षा सांगे, कुणी नवऱ्याची दारू. लोक खरं तर या विचारण्यासाठीच येत.

त्या रविवारी मी पप्पांना म्हटलं, "आज मी बोलतो." गर्दी पाहून येशूला लोकांचा कळवळा आला, तो भाग होता. मी सांगू लागलो की इथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे, ही वरवरची दया नव्हे, पोटात पिळवटून येणं आहे. समोर मंडईत मिरच्या-कोथिंबीर विकणारी एक मावशी बसली होती. "आतडं तुटतं म्हणतो आपण, तेच की," ती हळूच म्हणाली. मी मान डोलावली आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती सारखी पप्पांकडे बघत होती. मला ते दिसत होतं. वाटलं, हिच्या डोक्यावरून जातंय, म्हणून आणखी फोड करून सांगितलं. तासभर तरी बोललो असेन.

पाच वाजता ती उठली. "गाळ्यावर शेजारणीला बसवून आलेय," एवढंच म्हणाली. पप्पा चपला शोधेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

सगळे गेल्यावर पप्पा म्हणाले, "ग्रीक उत्तम झालं. बाईंना विचारायचं तेवढं राहिलं."

"पुढच्या रविवारी विचारू की," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी ती आपणहूनच सांगू लागली. तिच्या लेकीला सातवा महिना होता. मागच्या प्रार्थनेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, ऑपरेशन ठरलं होतं, कागद इंग्रजीत आणि घरात वाचणारं कुणी नाही. "दादा सोबत येतील का, एवढंच विचारायचं होतं," असं ती माझ्याकडे हात करून पप्पांना सांगत होती. लेक वाचली होती, बाळ गेलं होतं. कशावर अंगठा उठवला ते तिला अजून माहीत नव्हतं. त्या सोमवारी माझी शिफ्ट दुपारची होती. सकाळभर मी घरीच, त्या सीडीपुढे बसलो होतो.

माझी मान वर होईना. "मावशी, चुकलं माझं," मी कसंबसं म्हणालो.

"छे हो दादा, तुमचं काय चुकलं? सकाळपासून एकटीच दवाखान्यात बाकावर बसले होते. तुम्ही ते आतड्याचं सांगितलंत ना, ते तिथं नीट समजलं मला."

तो टोमणा नव्हता. माझा जन्म पुण्यात गेलाय, टोमणा मला ओळखता येतो. ती मनापासून आभार मानत होती. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि आज हे लिहितानाही कान तापले आहेत.

मग पप्पांनी एकेकाला विषय विचारला. माझी पाळी आली. मला सांगता आला नाही.