शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्या गावाच्या तलावाच्या पाळीला लागून माजी सैनिकांचं स्मृती उद्यान आहे. उद्यान म्हणायचं ते कागदावर. तिथं गेलं की मला किळस येते, आणि तरी मी रोज संध्याकाळी तिथंच जाऊन बसतो, कारण गावात बसायला दुसरी जागा नाही.

मधोमध हवाई दलाच्या तळावरून आणलेलं, मोडीत काढलेलं एक विमान सिमेंटच्या तीन खांबांवर उभं केलंय. त्याच्या पंखांवर शेजारच्या घरांच्या गोधड्या वाळत असतात, पोटाखाली शेळ्या बसतात आणि शेपटीमागे काय चालतं ते वासावरून कळतं. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला आली की फोटोवाला आधी शेळ्या हाकलतो. विमानासमोर काळ्या दगडाची पाटी आहे. तिच्या वरच्या अर्ध्या भागात ज्यांच्या हस्ते, ज्यांच्या उपस्थितीत आणि ज्यांच्या प्रयत्नांनी हे सगळं झालं, त्यांची नावं वीतभर अक्षरांत. खालच्या अर्ध्यात आंबागडापासून बपेऱ्यापर्यंतच्या गावांतले हयात आणि गेलेले सैनिक, बोटभर अक्षरांत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

अगदी शेवटच्या ओळीत चिखला या खाणीच्या गावातल्या एका माणसाचं नाव आहे. ते तिथं यावं म्हणून माझ्या वडिलांनी पंचायतीचे उंबरठे झिजवले. वडील हवाई दलात मेकॅनिक होते, म्हणजे विमान उडवणारे नव्हेत, उडण्याजोगं ठेवणारे. चिखल्याचा तो माणूस खाणकामगाराचा मुलगा, बाबांच्याच तुकडीतला. पंचविशीच्या आतच तळावर अपघातात गेला. लग्न झालं नव्हतं, आईबापही पुढे गेले. बाबांशिवाय त्याचं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं.

"लढाईत मेला का जी तो?" सरपंचांनी विचारलं.

"ड्युटीवर मेला," बाबा म्हणाले.

"मंग शहीद कसा होईन?"

"शहीद नोका लिहू. नुसतं नाव लिहा."

पाच खेपा घातल्यावर नाव आलं. जागा उरली होती ती पार खाली, गुडघ्याच्याही खाली. आणि आमच्याकडे गुडघ्याखालची कुठलीही जागा थुंकण्यासाठीच असते असं लोक धरून चालतात.

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की खर्रा होतो. तो गालात धरायचा आणि देशाचं कसं वाटोळं होतंय यावर बोलायचं. तोंड भरलं की मान वळवायची आणि पिंक सोडायची. उद्यानातला एकमेव बाक पाटीला खेटून असल्यामुळे महिन्याभरात शेवटच्या ओळी लाल झाल्या. खोदलेल्या अक्षरांत तो रंग असा बसतो की नुसत्या पाण्यानं निघत नाही. मीही तीस वर्षं खर्रा खातो, लपवत नाही. पण मी जागा पाहून थुंकणारा माणूस आहे, असा माझा समज होता.

बाबा रोज पहाटे उद्यानात जाऊ लागले. फाटकापासून सुरुवात करायची, हातभर रुंदीची पट्टी धरून मान खाली घालून चालायचं, दिसेल ते वेचायचं, मग परत फिरून दुसरी पट्टी. तळावर ते हेच करत. पहिलं विमान उडण्याआधी सगळी तुकडी एका ओळीत उभी राहायची आणि धावपट्टीवरचा खडा, स्क्रू, चिंधी, सगळं उचलत जायची. ज्यानं त्यानं आपापली पट्टी सांभाळायची. इथं त्यांना मिळत खर्र्याच्या पन्न्या. त्या ते मोजून पिशवीत भरत आणि शेवटी ओल्या फडक्यानं ते नाव पुसत.

सव्वीस जानेवारीला उद्यानातल्या कार्यक्रमात तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी त्यांना पंचायतीचा झाडूवाला समजून मंचावर बोलावलं, रबरी हातमोजे आणि नवा झाडू दिला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. पाठीमागच्या पाटीवर याच म्हाताऱ्याचं नाव होतं. टाळ्या वाजवणाऱ्या एकानेही तोंड उघडलं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात खर्रा होता. मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. बाबांनी हातमोजे घातले, बोटं हलवून पाहिली आणि "मापाचे हायेत" एवढंच म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांचा गुडघा सुजला, म्हणून एका सकाळी मी सोबत गेलो. त्यांनी मला शेजारची पट्टी दिली.

"वर काय पाहून राहिला? विमान काई उडून नाई जात," ते खेकसले.

पाटीशी पोचलो. शेवटच्या ओळीवर ताजी पिंक होती, ओघळ पार खालपर्यंत आलेला. मी ओरडलो.

"कोन्या नालायकानं केलं हे? हात तोडले पाह्यजे त्याचे!"

"हातानं नाई थुकत कोनी," बाबा म्हणाले. "अन् काल सांजंले इथी तूच बसला होता."

"मी त मागं थुकतो, बाबा."

"डाव्या टोकाले बसला होता. बोलता बोलता मान वळवली अन् सोडली. पाळीवरून दिसते सारं."

मी विचारलं, आधीही पाहिलं होतं का. ते म्हणाले, पहिल्या महिन्यापासून. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी त्याच बाकावर बसून लोकांना ऐकवत असे.

"मंग बोलले काहून नाई मले?"

ते फडकं पिळत राहिले. मग पाटीकडे पाहत म्हणाले, "तो ज्या गोट्यानं मेला, तो गोटा माह्या पट्टीत होता. इंजिनाच्या हवेनं उडाला अन् त्याच्या कपाळात बसला. सकाळी वेचताना तो पोरगा माह्या बाजूलेच होता. आमी घरच्या गोष्टी करत होतो. बोलता बोलता मले गोटा दिसला नाई. आता तुले मी काय बोलू?"

हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मला माझ्या तोंडाची, त्यातल्या वासाची, तीस वर्षांच्या सगळ्या बडबडीची किळस आली. मी खिशातली भरलेली पन्नी काढून त्यांच्या पिशवीत टाकली.

बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "एक जास्त भरली आज," ते म्हणाले. "उद्याची उद्या पाहू." आणि ओलं फडकं माझ्या हातात दिलं.