मिनिटावरचे फोन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वर्तमानपत्रातल्या जुन्या मित्रांना तर नाहीच. त्यांच्या लेखी मी अजून तोच उपसंपादक आहे — एका नावाची खात्री करायला दोनदोनदा फोन करणारा.

बायकोची बँकेतून चेन्नईला बदली झाली आणि मी सोलापूरची नोकरी सोडून आलो. एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक संपत आलं होतं. मराठी उपसंपादकाला तिथे काय काम मिळणार? मिळालं — एका लहान कंपनीत. आम्ही तिथल्या धंदेवाल्यांच्या जाहिराती इंटरनेटवर करायचो. जाहिरातीत नंबर आमचा असायचा. त्यावर आलेला फोन त्या दुकानात वळवला जायचा, आणि बोलणं आमच्याकडे रेकॉर्ड व्हायचं. मिनिटापेक्षा जास्त चाललेला फोन म्हणजे लीड, म्हणजे मिळू शकणारं गिऱ्हाईक. कुणाला किती लीड दिल्या याचा अहवाल महिन्याला जायचा. तो मी लिहायचो.

सेतुराम राव पाण्याच्या टाक्या साफ करून द्यायचे. घराणं तंजावरकडचं, मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं. मी महाराष्ट्रातला म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास — किती? अहवाल उघडूनही बघत नसत. "तुम्ही तिकडले. तुम्ही खोटं कशास सांगाल?" म्हणायचे.

त्यांच्याकडे फोन घ्यायच्या वसंता अक्का. पन्नाशीच्या, घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. त्यांना मराठी येत नव्हतं. मला तमिळ कामापुरतं येत होतं — रेकॉर्डिंग समजण्याइतकं. म्हणजे मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

काय कळलं होतं? रावांना दिलेला नंबर आधी पाण्याच्या एका लॉरीवाल्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या टँकरवाल्याच्या, जाहिरातीत होता. तो आम्हाला सोडून गेला आणि आम्ही नंबर रावांच्या नावावर लावला. मग उन्हाळा आला. चेन्नईत त्या दिवसांत माणसं टाकी धुवायचं बघत नाहीत, ती भरायचं बघतात. फोनवर फोन — लॉरी कधी येणार? वसंता अक्कांनी एकदाही फोन आदळला नाही. "इथं लॉरी नाही हो," म्हणायच्या, मग राहायला कुठे विचारायच्या, त्या भागातल्या लॉरीवाल्याचा नंबर शोधून सांगायच्या, समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायच्या. मिनिट सहज उलटायचं.

आणि मिनिट उलटलं की मी लीड मोजायचो. त्यांनी फोन तोडला असता, तर माझे अहवाल पहिल्याच महिन्यात रिकामे दिसले असते. त्यांच्या भलेपणावर ते भरत होते — हे मला ठाऊक होतं.

एक दिवस रावांनी बोलावलं. फोन एवढे, मग कामं कां येत नाहीत? वसंता अक्का त्याच खोलीत होत्या, माझ्यापुढे कॉफी ठेवत होत्या. नंबर जुना आहे — एवढंच वाक्य बोलायचं होतं. पण मग मागचे सगळे अहवाल खोटे ठरत होते, आणि त्यांच्याखाली नाव माझं होतं. मी मराठीत म्हणालो, "फोन तर येतात, राव. उचलणारं माणूस कमी पडतंय बहुतेक."

बहुतेक. खात्री नसलेली बातमी छापताना आम्ही हाच शब्द घालायचो. इथे तर मला खात्री होती — उलट्या बाजूची.

"अक्का जुनी आहे हो," राव म्हणाले.

"म्हणूनच."

आपल्याबद्दल काही चाललंय एवढं अक्कांना कळलं. कौतुकच असेल असं वाटलं असावं, त्या हसल्या. साखर पुरे का, असं तमिळमध्ये विचारलं. मी पुरे म्हणालो.

पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. लॉरी म्हटलं की "राँग नंबर" आणि फोन बंद. लीडचा आकडा धडाधड खाली आला. आता आमच्या साहेबांनी मला जाब विचारला असता. म्हणून मी नंबर बदलून घेतला. एक ईमेल लिहावं लागलं. तेवढंच. ते मी आधी कुठल्याही दिवशी लिहू शकलो असतो.

नव्या नंबरावर खरी कामं आली. रावांनी मुद्दाम फोन केला. "तुम्ही सांगितलंत म्हणून सुधारलं हो. नाहीतर भिडेपोटी मी तिला ठेवलीच असती." मग त्यांनी आपणहून सांगितलं, की ती आता शहराबाहेर, गुम्मिडिपूंडीला, एका कारखान्यात पॅकिंगला जाते. दिवसभर उभ्यानं काम. पाय सुजतात म्हणे.

मी त्यांचे आभार स्वीकारले. आणि पुढच्या वर्षाचा करार कधी करायचा, ते विचारलं.