टीव्ही पकडणारी गाडी आणि सलीमभाईची कढई

“मॅडम, रस्त्यावरूनच पकडलं! गाडीतून उतरावंसुद्धा लागलं नाही,” कुणाल म्हणाला आणि त्याने डिटेक्शन रिपोर्ट माझ्या टेबलावर सरकवला. सही करायची जागा त्याने पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. माझ्या सोयीसाठी.

मी जळगावच्या एका केबल नेटवर्कमध्ये टेक्निकल हेड आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत कुठेही पडदा काळा झाला की फोन मला येतो. रिपोर्ट वाचला. ‘सदर हॉटेलमध्ये घरगुती कनेक्शनवर क्रिकेट सामना दाखवला जात असल्याचे व्हॅनमधील उपकरणाने निश्चित केले.’ खाली हॉटेलमालकाचं नाव होतं. सलीमभाई, धुळे.

आता हे ‘घरगुती’ काय ते सांगते. तुम्ही घरी टीव्ही बघता तो घरगुती प्लॅन. तोच टीव्ही हॉटेलात किंवा सलूनमध्ये गिऱ्हाइकांसाठी लावला, की कमर्शियल प्लॅन घ्यावा लागतो. तो बराच महाग असतो. म्हणून काही जण वरच्या मजल्यावरच्या घरात घरगुती बॉक्स घेतात आणि हळूच एक वायर खाली दुकानात सोडतात. ही चोरीच आहे, माझा त्याबद्दल वाद नाही. पकडलं गेलं तर पोलीस तक्रार होते.

ही चोरी पकडायची आमची जुनी रीत अगदी साधी होती. ऑफिसमधून आम्ही टीव्हीच्या पडद्यावर प्रत्येक बॉक्सचा नंबर क्षणभर झळकवू शकतो. मॅच बघताना मध्येच कोपऱ्यात आकडे येतात ना, तेच. आमचा माणूस हॉटेलात जाऊन चहा मागवतो, नंबर आला की फोटो काढतो, चहाचे पैसे देतो आणि येतो. खर्च एक कटिंग.

पण आमचे ब्रँच मॅनेजर महाजनसाहेब यांना कटिंगमध्ये भव्यता दिसेना. त्यांनी एका बाहेरच्या एजन्सीकडून गाडी भाड्याने आणली. पांढरी व्हॅन, काळ्या काचा, छतावर गरागरा फिरणारी डिश, आणि दोन्ही बाजूंना लाल अक्षरं: ‘टीव्ही सिग्नल डिटेक्शन’. सोबत कुणाल, पद डिटेक्शन ऑफिसर. गॉगल संध्याकाळीसुद्धा.

विलायतेत म्हणे टीव्हीचं लायसन्स नसलेली घरं शोधायला अशाच गाड्या फिरायच्या, आणि त्या खरंच काही पकडायच्या का, यावर तिथले लोक अजून भांडतात. जुन्या डबा टीव्हीतून थोड्या लहरी बाहेर पडायच्या, त्यामुळे तिथे निदान भांडायला जागा तरी आहे. पण आजचा चपटा टीव्ही रस्त्यावरून बघून तो कोणत्या प्लॅनवर चाललाय हे सांगणं म्हणजे बंद दाराबाहेर उभं राहून आतल्या माणसाचा रक्तगट सांगण्यासारखं आहे.

मी रिपोर्टवर सही केली नाही. गाडीची किल्ली मागितली.

आत एक खुर्ची, एक पंखा आणि एक स्क्रीन होता. स्क्रीनवर हिरव्या लाटा नाचत होत्या. पाच मिनिटं बघितल्यावर लक्षात आलं, की त्याच लाटा पुन्हा पुन्हा येतात. व्हिडिओ होता. मग मी स्टूल घेऊन डिशची वायर तपासली. ती छतातून आत येत होती, सीटच्या मागे व्यवस्थित गुंडाळलेली होती आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी होती. बास. पुढे काहीच नाही. डिश फिरत होती ती गाडीच्या वायपरच्या मोटरवर.

मला इतकं हसू आलं, की स्टूलवरून पडायचीच बाकी होते. मग सलीमभाईचं नाव आठवलं आणि हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस पकडली. सलीमभाईचं हॉटेल स्टँडपासून जवळ, छोटंसं. वरच्या मजल्यावर तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी अम्मी राहतात. वर आमचा घरगुती बॉक्स आहे. खाली हॉटेलात भिंतीवर मोठा टीव्ही, आणि त्यावर, देवाशप्पथ सांगते, भजी तळली जात होती.

“ताई, ये मेरा चॅनल,” सलीमभाई म्हणाला. “मागे भटारखाना आहे. गिऱ्हाईक विचारायचे, तेल कधी बदललं, हात धुतले का. मी कढईवर कॅमेरा लावला, त्याची वायर या टीव्हीला. आता पब्लिक बघते. भजी वर तरंगली की ऑर्डर येते.”

“मग त्या दिवशी मॅच?”

“मॅच होती ना! प्रत्येकाच्या हातात. आपापल्या मोबाईलवर. चौका बसला की सगळे एकदम ओरडतात. कुणाच्या फोनवर मॅच थोडी मागे असते, तो नंतर ओरडतो.”

म्हणजे यंत्राने निश्चित केलं ते हे होतं. काळ्या काचेमागून कुणालने टीव्हीचा उजेड बघितला, आरडाओरडा ऐकला आणि सिग्नल डिटेक्ट केला.

“तुम्ही त्याला आत बोलावून दाखवलं नाही?”

“दाखवलं! तो म्हणाला, गाडी बघून चॅनल बदललं.” सलीमभाईने आवाज खाली आणला. “ताई, टीव्ही घेऊन जा, मला नको. पण पोलीस तक्रार नको. अम्मीला उमराहला, मक्केला न्यायचंय. दोघांचे पासपोर्ट टाकलेत. पुढच्या आठवड्यात व्हेरिफिकेशनला पोलीस येणार. त्यात माझ्या नावावर केस निघाली तर माझा पासपोर्ट अडकला. अम्मी एकटी कशी जाणार?”

अम्मी वरून जिन्यात आल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी मला विचारलं, “बेटी, वर टीव्ही दिसत नाही का, ते बघायला आलीस?”

मी म्हटलं, “हो अम्मी, तेच बघायला आले.” दुसरं काय सांगणार?

जळगावला परत येऊन थेट महाजनसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. वायर, व्हिडिओ, वायपर, कढई, सगळं एका दमात सांगितलं.

“वरच्या बॉक्सवरून तपासा ना मग,” साहेब म्हणाले. “त्या वेळी मॅच चालू होती की नाही.”

“साहेब, आपले बॉक्स एकतर्फी आहेत. ते आपलं ऐकतात, उलट काही सांगत नाहीत. तिथे काय चालू होतं ते इथून कळत नाही.”

“मग तो निर्दोष आहे हेही तुम्ही सिद्ध करू शकत नाही.”

ज्या यंत्राला स्वतःची वायर सापडत नाही, त्याचा शब्द प्रमाण, आणि निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं भजीवाल्याने!

“सोमवारी तक्रार जाणार,” साहेब म्हणाले. “तुम्ही सही केली नाही तर मी करीन. आणि रविवारी असोद्याला गाडीचा लाइव्ह डेमो ठेवलाय. तिथे हे असलं काही बोलू नका.”

असोद्याला म्हणजे आमच्या भरीत पार्टीला. हिवाळ्यात कंपनी सगळ्या गावोगावच्या केबलवाल्यांना जेवण देते. ते हॉटेलात नसतं, शेतात असतं. वांगी काट्याकुट्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, केळीच्या पानावर वाढायची. यंदा शेत माझ्या चुलतभावाचं होतं. मी साहेबांना शब्द दिला, की एक अक्षर बोलणार नाही. बोलायला मी दुसऱ्याला नेमलं.

असोद्यात आमचे एक नाना आहेत. नात्याने लांबचे काका. गावात कबड्डी असो की टेनिस बॉलचं क्रिकेट, माइक नानांच्या हातात. टीव्हीवरच्या हिंदी कॉमेंटेटरचा आवाज असा हुबेहूब काढतात, की डोळे मिटले तर समोर स्टेडियम उभं राहतं. त्यांना सगळं समजावून सांगितलं.

“मले फक्त बोलाचं न?” नाना म्हणाले. “मंग टीव्ही कशाले पायजे?”

रविवारी दुपारी केळीच्या बागेशेजारी व्हॅन उभी राहिली. वांग्यांचा धूर, केबलवाल्यांची गर्दी, व्हिडिओसाठी उंच धरलेले मोबाईल. महाजनसाहेबांनी भाषण केलं. टेक्नॉलॉजी, पारदर्शकता, चोरांना चाप. डिश फिरू लागली. कुणाल आत बसला. त्याची काच चार बोटं खाली होती. यंत्राचे कान तिथेच होते.

“साहेब,” मी अगदी गरीब चेहऱ्याने म्हटलं, “त्या मोटरच्या खोलीत आमचा गडी राहतो. तिथलं बघता येईल?”

विहिरीजवळची ती खोली बंद होती. तेवढ्यात आतून आवाज आला. “और ये हवा में... लेकिन फील्डर दूर है... चार रन!” पाठोपाठ गर्दीचा कल्लोळ.

कुणालची मान खिडकीकडे वळली आणि पुन्हा स्क्रीनकडे गेली. त्याने दोन बटणं दाबली. “डिटेक्टेड! टीव्ही चालू आहे. स्पोर्ट्स चॅनल. कनेक्शन घरगुती.”

“नक्की?” मी विचारलं.

“हंड्रेड पर्सेंट, मॅडम. मशीन चुकत नाही.”

दार उघडायच्या आधीच मागच्या बाजूने हसण्याची पहिली लाट आली. ते गावचे केबलवाले होते. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दिवसा त्या खोलीत बल्बसुद्धा लागला नसता. कुणाल आणि साहेब, दोघेही शहरातले. त्यांना वीज म्हणजे भिंतीतून चोवीस तास येणारी गोष्ट.

मी कडी काढली. आत अंधारात नाना पाण्याच्या रिकाम्या ड्रममध्ये डोकं घालून उभे होते आणि माझा चुलतभाऊ पत्र्याचा डबा बडवत होता. टीव्ही नव्हता. वायर नव्हती. नानांनी डोकं बाहेर काढलं आणि वैतागून म्हणाले, “थांब वं बाई, ओव्हर त पुरी होऊ दे!”

धुळ्याकडचा एक जुना केबलवाला कपाळावर हात मारून अहिराणीत ओरडला, “हाई बठ्ठं खोटं शे!” म्हणजे, हे सगळंच खोटं आहे. मग जो गलका झाला तो कुठल्याही मॅचला शोभला असता. कुणाल गाडीतून उतरला तेव्हा एकाने त्याच्या हातात वांगं ठेवून विचारलं, “दादा, हे घरगुती का कमर्शियल?”

महाजनसाहेबांनी मला केळीच्या ओळीत बाजूला घेतलं. मला वाटलं, आता माणूस शरमेल. छे.

“मॅडम, तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नाही? वायर कुठे जात नाही ते मी पहिल्याच दिवशी बघितलं. पण गाडी फिरायला लागल्यापासून कमर्शियल प्लॅन वाढलेत. मग गाडी काम करते की नाही?”

“आणि सलीमभाई?”

“एखादं उदाहरण दाखवावं लागतं.”

“उदाहरण?” माझा आवाज इतका चढला, की वांगी भाजणारी माणसं वळून बघू लागली. “साहेब, त्याची म्हातारी आई पासपोर्टची वाट बघतेय! सोमवारी तक्रार केलीत, तर मंगळवारी मी नानांना ड्रमसकट पोलीस स्टेशनला नेईन. आणि मी नाही नेलं तरी, हे सगळं आत्ता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये गेलंय.”

साहेबांनी मान वळवून मोबाईलांकडे बघितलं. “तक्रार करत नाही,” म्हणाले. मग पान पुढे करून, “भरीत तरी वाढा.”

मी वाढलं. तिखटात हात जरा सैल सोडला.

तक्रार गेली नाही. व्हेरिफिकेशन झालं, पासपोर्ट आले. महिन्याभराने कामासाठी धुळ्याला गेले, तेव्हा मोठ्या ऐटीत हॉटेलात शिरले. विजेत्यासारखी. दारावर आमच्याच कंपनीचं नवं स्टिकर होतं: ‘अधिकृत कमर्शियल ग्राहक’. टीव्हीवर कढई तशीच उकळत होती.

“सलीमभाई, हे काय? तुम्ही चॅनल बघतच नाही, तर प्लॅन कशाला घेतला?”

“ताई, गुस्सा नका करू. पुढच्या महिन्यात अम्मीला घेऊन चाललोय. मागे हॉटेल भाऊ बघणार, तो साधा आहे. पुन्हा गाडी आली तर?”

“अहो, ती गाडी खोटी आहे! शंभर माणसांसमोर दाखवलं मी!”

“पता है. व्हिडिओ मी पण बघितला, खूप हसलो. पण गाडी खोटी असली तरी तक्रार तर खरी होणार होती ना?” त्याने चहा पुढे केला. “तुम्ही माझ्यासाठी भांडल्या. मी अम्मीसाठी प्लॅन घेतला.”

मी चहा प्यायले. कटिंगचे पैसे टेबलावर ठेवले आणि निघाले.

त्या महिन्याच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये स्लाइड लागली: ‘डिटेक्शन व्हॅनमुळे मिळालेले नवे कमर्शियल ग्राहक’. त्यात सलीमभाईचं हॉटेल होतं. टाळ्या वाजल्या. गाडीचं भाडं आणखी सहा महिन्यांसाठी मंजूर झालं. वरच्या मजल्यावरून वायर सोडणारे जे खरे चोर मला आमच्या भागात माहीत आहेत, त्यांच्यापैकी एकही त्या स्लाइडवर नव्हता. ते गाडीसमोर उभं राहून सेल्फी काढतात.

आता कोणी विचारलं, की ती गाडी खरंच काम करते का, तर मी हो म्हणते. ज्यांच्याकडे पकडण्यासारखं काहीच नाही, त्यांना ती बरोबर पकडते.