गुडघ्याखाली चार बोटं

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात. रोज झाडल्या तरी साठतात. माझ्या दुकानात किस्सेही तसेच साठले. फरक एवढाच, की चिंध्या मी संध्याकाळी बाहेर टाकतो, आणि किस्से कोणी चहाला टेकलं की पुन्हा आत येतात!

माझं दुकान बहरीनला, मनामा शहरात, हूरा भागातल्या एका गल्लीत. माझी शाळा चौथीपर्यंत. इथे शिंप्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. चौथीत शाळा सोडलेल्याला मास्टर म्हणणारा देश मला आवडला आणि मी राहिलो.

स्कॉटलंडच्या लोकांशी गाठ पडली ती डंकन साहेबांमुळे. म्हातारे इंजिनियर, माझ्याच वयाचे. इथल्या स्कॉटिश लोकांच्या क्लबाचे सेक्रेटरी. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी काउंटरवर एक घागरा ठेवला. चौकटीचं लोकरी कापड, पुढून सपाट, मागे चुण्याच चुण्या. मोडक्या हिंदीत म्हणाले, “मास्टर, ये किल्ट. मेरा.”

मी उलगडून मोजला. आठ वार कापड! आमच्या आईचं लुगडं नऊ वारांचं. एका वाराच्या फरकासाठी मी माणसाला परका मानत नाही. फक्त आपल्या निऱ्या पुढे, त्यांच्या मागे.

दर हिवाळ्यात साहेब किल्ट घेऊन यायचे. “मास्टर, पेट बड़ा हो गया. बक्कल थोडा आगे.”

एका वर्षी मी सांगितलं, “साहब, अब आगे जगह मफी.” मफी म्हणजे नाही.

साहेबांनी विचार केला. मग मोठा श्वास घेतला, पोट आत ओढलं आणि हातानेच खूण केली, यल्ला, चल, शिव! मी बक्कल टाचेपर्यंत माणूस लालबुंद होऊन उभा. सोडल्यावर म्हणाले, “खलास. अब एक साल सांस नहीं लेगा!”

*

माझ्या शेजारी अबू यूसुफचं अत्तराचं दुकान. अबू यूसुफ पायघोळ अरबी झग्याशिवाय, थोबाशिवाय दारात उभा राहिला नाही कधी. एकदा डंकन साहेब किल्ट घालूनच दुकानातून बाहेर पडले. उघडे गुडघे, लोकरी मोजे, आणि चालणं असं की गल्ली आपलीच!

अबू यूसुफने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, “मास्टर, बाकीचं कापड कुठे ठेवलंस?”

*

फ्रान्सिस वसईचा. पलीकडच्या हॉटेलात बँक्वेटचा कॅप्टन. क्लबाच्या पार्ट्या त्याच्याच हॉटेलात. डंकन साहेब भरभर बोलू लागले की इंग्रज साहेबसुद्धा फ्रान्सिसकडे बघायचे. तो शांतपणे सांगायचा, “सर म्हणतायत, सूप गार आहे.”

भिकू गुहागरकडचा. ट्रेलर चालवतो. बायको इथेच, मुलगी इथल्या शाळेत. दाराएवढा माणूस, पण कोणी अनोळखी बाई दुकानात आली की कापडाच्या ताग्यामागे जाऊन उभा राहणार! असा लाजरा.

एका पार्टीला स्कॉटलंडचा खास पदार्थ होता, हॅगिस. मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट, सगळं कोथळ्यात भरून शिजवलेलं. डंकन साहेबांनी मला आणि भिकूलाही बोलावलं होतं. सगळे गोरे आमच्या ताटांकडे बघत होते. इंडियन माणूस आता तोंड वाकडं करणार, म्हणून काहींनी मोबाईलही काढले होते.

भिकूने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. ताट पुसून खाल्लं. मग फ्रान्सिसला म्हणाला, “अरे, ही तर आपली वजडी! ह्यांना विचार, मिरची संपली होती काय?”

फ्रान्सिसने ते सांगितलं. डंकन साहेब उठले, त्यांनी भिकूला मिठी मारली आणि आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

*

त्यांच्या फुटबॉलची एक गंमत. टीव्हीवर स्कॉटलंडची मॅच असली की हॉटेलचा हॉल भरायचा. एकदा मी उशिरा पोचलो. आत जोरजोरात गाणं चाललेलं. एकमेकांच्या गळ्यात हात, डोळ्यांत पाणी.

मी फ्रान्सिसला विचारलं, “जिंकले वाटतं?”

“नाही मास्टर.”

“मग बरोबरीत?”

“नाही हो. हरले. पण भीती होती तेवढे नाही हरले!”

त्या दिवशी मला ही माणसं कळली. हरायची सवय झालेली, पण आशेची सवय काही सुटलेली नाही.

*

मात्र गाणाऱ्यांची संख्या कमी होत चालली. कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कोणी रिटायर होऊन गेला. हॉल भरेना.

या क्लबाची दर हिवाळ्यात इंग्लिश साहेबांच्या क्लबाशी रस्सीखेच असते. सखीरच्या रस्त्याला, वाळूच्या मैदानात. ती डंकन साहेबांनीच सुरू केलेली. त्यांची बायको दोराच्या बाजूला उभी राहून ताल द्यायची. ती वारल्यावर ताल साहेब देऊ लागले. मग त्यांच्याही छातीत दम राहिला नाही. मुलगा तिकडून बोलवत होता. रेसिडेन्सी संपत आली होती. त्या वर्षी ते कायमचे जाणार होते.

ते दुकानात येऊन स्टुलावर बसले. किल्ट आणला नव्हता. मी चहा दिला. फ्रान्सिस होता, म्हणून सगळं कळलं. आठ माणसं लागतात. क्लबात ओढू शकतील अशी दोनसुद्धा उरली नव्हती. त्या वर्षी टीम उभी राहिली नाही, तर सामना कायमचा बंद.

“हरायला माझी हरकत नाही,” साहेब म्हणाले, “पण कोणीच उभं राहिलं नाही असं नको. तिला काय सांगू?”

भिकू पंख्याखाली बसून घाम पुसत होता. त्याने विचारलं, “दोर ओढायचा, एवढंच ना?”

“एवढंच.”

“वाळूत?”

“वाळूत.”

“ओ, आम्ही लहानपणापासून दुसरं काय केलं? बापाची होडी रोज वाळूतूनच वर ओढायचो! साहेबांना सांग, आठ माणसं मी आणतो. सगळी गुहागर-दाभोळची.”

साहेबांनी चहा खाली ठेवला. ते म्हणाले, “क्लबचा नियम आहे. टीमने किल्ट घालायला हवा.”

भिकू ताग्यामागे गेला!

*

त्याला बाहेर काढायला फ्रान्सिसला अर्धा तास लागला. आतून हाफ पँट घालायची, या अटीवर तो तयार झाला. त्याच्या सात दोस्तांनीही तीच अट घातली.

पुढचा प्रश्न किल्टच्या कापडाचा. क्लबाच्या चौकटीचं कापड स्कॉटलंडहून येणार कधी? मी सूक, म्हणजे इथला जुना बाजार, पालथा घातला. शेवटी एका दुकानात लाल-हिरव्या चौकटीचा तागा मिळाला. डंकन साहेबांनी हात फिरवला. त्यांच्यात प्रत्येक घराण्याची चौकट वेगळी असते. ते म्हणाले, “छान आहे. कोणत्या घराण्याची?”

मी खरं ते सांगितलं. मुलींच्या शाळेच्या युनिफॉर्मची!

माप मात्र मी माझ्या मनाने धरलं. किल्ट गुडघ्याच्या मध्यावर संपायला हवा. पण ही माझी माणसं लाजरी. मी प्रत्येकाला गुडघ्याखाली चार बोटं जास्त सोडली. डंकन साहेबांना ते दिसलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

*

सामन्याच्या दिवशी मी टॅक्सीने पोचलो तेव्हा आमची टीम मिनीबसमध्ये कपडे बदलत होती. इंग्लिश टीम मैदानात उभी. एकेक माणूस कपाटासारखा. डंकन साहेब छडी टेकत दोराजवळ, जिथे त्यांची बायको उभी राहायची तिथे.

मिनीबसचं दार उघडलं. भिकू उतरला. त्याच्यामागे सात जण.

आठही जणांच्या निऱ्या पुढे!

त्यांचा काय दोष? जन्मापासून आई-आजीच्या निऱ्या पुढेच पाहिलेल्या. चुण्या दिसल्या, पुढे घेतल्या. आता सपाट बाजूची उघडी कड मागे गेलेली, आणि वाळवंटातला वारा मागूनच येत होता.

तेवढ्यात भिकूची मुलगी ओरडली, “पप्पा, दॅट्स माय स्कूल स्कर्ट!”

अख्खं मैदान हसलं. भिकूचे कान लाल झाले. बदलायला वेळ नव्हता. शिट्टी वाजली.

पहिला डाव बघवत नव्हता. आठही जणांचा एक हात दोरावर, एक हात मागे किल्टवर! दोर सरसर गेला. डंकन साहेबांनी मान खाली घातली. इंग्लिश टीमचा कॅप्टन म्हणाला, “पुढचा डाव बसून खेळू का आम्ही?”

मी आयुष्यात कधी मोठ्याने बोललो नाही. गिऱ्हाईकाशी नाही, बायकोशी नाही. पण त्या दिवशी मैदानाच्या कडेवरून मी ओरडलो, “भिक्या! कासोटा मार!”

भिकूने माझ्याकडे पाहिलं. खाली निऱ्यांकडे पाहिलं. मग हसला.

आठही जण वाकले. निऱ्यांचा मधला घोळ धरला, पायांमधून मागे घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. चार बोटं जास्त होती म्हणून पुरला. बूट काढून फेकले. आता दोन्ही हात मोकळे!

इंग्लिश कॅप्टन धावत आला. “हे चालणार नाही! हा किल्ट नाही!”

डंकन साहेब छडी टेकत टेकत पुढे गेले. नियम त्यांनीच लिहिलेले. ते म्हणाले, “किल्ट घालावा, एवढंच नियमात आहे. कसा घालावा हे ज्याच्या त्याच्या घराण्यावर. हे कोकणचं घराणं आहे.”

आणि शिट्टी वाजली.

साहेबांनी ताल द्यायला तोंड उघडलं, पण खोकलाच आला. मग भिकूने मान मागे टाकली आणि बापाच्या होडीसाठी ओरडायचा तसा ओरडला, “होऽऽ हैसा!”

“हैसा!” सात जण.

“होऽऽ हैसा!”

“हैसा!”

दोर हलेना. मग इंग्लिश कपाटं एक पाऊल सरकली. मग दुसरं. होडी पाण्यातून सुटल्यावर जशी येते, तसा दोर आला.

तिसऱ्या डावाला ‘हैसा’ म्हणणारे फक्त आठ नव्हते. भिकूची मुलगी ओरडत होती, फ्रान्सिस ओरडत होता. अबू यूसुफ कोणाच्या तरी गाडीतून आला होता, तो थोब सावरत ओरडत होता. आणि खोकला थांबल्यावर डंकन साहेब. आवाज बारीक, पण तालात.

जिंकल्यावर भिकूने कप साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो काही वर उचलला नाही. बायको जिथे उभी राहायची, तिथे वाळूत ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्टर, कोकण का घराना बहुत बड़ा है क्या?”

म्हटलं, “साहब, पुढच्या वर्षीही आठ मिळतील. इंशाल्ला.”

*

साहेब गेले. रस्सीखेच पुढच्या हिवाळ्यात झाली, त्याच्या पुढच्याही. आता टीममध्ये चार गुहागरचे, दोन केरळचे, एक नेपाळी आणि नवीन आलेला एक स्कॉटिश पोरगा आहे. त्याला निऱ्या पुढे कशा घ्यायच्या ते भिकू शिकवतो.

परवा दुपारी फ्रान्सिस मोबाईल घेऊन धावत दुकानात आला. भिकू होताच. साहेबांनी त्यांच्या गावाहून व्हिडिओ पाठवला होता.

हिरवंगार मैदान, बारीक पाऊस. सगळे गोरे. दोराला आठ दांडगी माणसं. दोराच्या बाजूला खुर्ची, खुर्चीत घोंगडी पांघरून डंकन साहेब. त्यांनी हात वर केला, आणि आठ जण ओरडले, “हैसा!”

भिकू मोबाईलवर वाकला. “अरे! निऱ्या पुढे! कासोटा!” तो टाळ्या पिटू लागला. “मास्टर, आता ह्यांना कोण सांगणार, उलटं नेसलंय म्हणून!”

फ्रान्सिसने व्हिडिओ पुन्हा लावला. मी चष्मा पुसला आणि सुरुवातीपासून पाहिला. कासोटा मारायच्या आधी ती आठ माणसं एका रांगेत उभी असतात. कापड जुनं, त्यांच्याच घराण्यांचं, प्रत्येकाची चौकट वेगळी.

आणि आठही किल्ट गुडघ्याखाली चार बोटं.