वांग्याच्या वाफ्यातलं रानडुक्कर

आर्णीजवळच्या आमच्या गावात घरामागं थोडी पडीक जागा होती. बाभळीची खोडं, फुटकी कौलं आणि दगडासारखा मुरूम. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, इथं भाजी लावू."

"लाव. पण ही जागा मार मागते," त्या म्हणाल्या आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आल्या.

महिनाभर आम्ही दोघींनी मुरूम फोडला. माझे तळहात सोलून निघाले. एकदा कौलांखालून घोणस निघाली. आत्याबाईंनी सब्बलीनं तिचं डोकं ठेचलं, शेपटीला धरून ती उकिरड्यावर फेकली आणि पुन्हा खणू लागल्या. त्या दिवशी मला सापापेक्षा त्यांचीच भीती वाटली.

पावसाळ्यात वांगी, चवळी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावली. भोवती पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळल्या झाडांचं, कुंपण केलं. आत्याबाई भाजीवर औषध मारू देत नसत. पानामागच्या अळ्या बोटानं चिरडायच्या, मलाही चिरडायला लावायच्या. पहिल्यांदा मला उलटी झाली. पंधरा दिवसांनी मी गप्पा मारता मारता चिरडू लागले.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी मी मागच्या दाराशी मोरीच्या दगडावर कपडे धूत होते, आत्याबाई वाफ्यात वाकून वांगी तोडत होत्या. मागच्या तुरीतून कुत्र्यांचा गलका आला आणि कुंपण फोडून रानडुक्कर आत घुसलं. कुत्र्यांनी त्याचा मागचा पाय फाडलेला होता. आत्याबाईंना सरळ व्हायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं मान खाली घालून सुळा त्यांच्या मांडीत खुपसला आणि वर झटका दिला. त्या किंचाळून वाफ्यात आडव्या पडल्या.

भिंतीला टेकवलेली सब्बल माझ्या हातात कधी आली, आठवत नाही. पहिला घाव पाठीवर बसला. डुक्कर माझ्याकडं वळलं. दुसरा मी नाकाडावर घातला, तिसरा कानामागं. ते गुडघ्यांवर बसलं, कलंडलं, कुत्री त्याच्यावर तुटून पडली. मी मारतच राहिले. हाड फुटल्याचा आवाज आला, तोंडावर गरम रक्त उडालं, तरी मारत राहिले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

नवरा धावत आला, त्यानं मागून माझे दंड धरले. "मेलं ना ते! काहून मारून राह्यली?"

तेव्हा मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आला. त्या केव्हाच्या म्हणत असाव्यात, "मले उचला व माय. मले उचला."

त्यांच्या मांडीखालची माती काळी झाली होती. मी पदर फाडून जखम आवळली. शेजाऱ्याच्या ऑटोत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन आर्णीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी रडत म्हटलं, "मी आधी तुमच्यापाशी यायला पाह्यजे होतं."

"आली असती तं त्यानं तुलेबी फाडलं असतं," त्या डोळे मिटूनच बोलल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण मेल्यावर कायले मारत होती?"

मी त्यांच्या कपाळावरची माती पुसली.

रक्त फार गेलं होतं. आत्याबाई वाचल्या, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. आम्ही घरी आलो तोवर वनखात्याची माणसं पंचनामा करून डुक्कर घेऊन गेली होती. बघ्यांच्या पायाखाली वाफे सपाट झाले होते. मी पंधरा दिवस मागचं दार उघडलं नाही. शेवटी आत्याबाईच काठी टेकत गेल्या, भिंतीशी बसल्या आणि मला हाक मारून मेथीचं बी मागितलं.

आता तारेचं कुंपण आहे. भाजी भरपूर निघते. कुणी त्यांना पायाचं विचारलं की त्या डुकराची गोष्ट रंगवून सांगतात. सुनेनं दोन घावांत लोळवलं म्हणतात. पुढचे घाव त्या कुणालाच सांगत नाहीत.